भेदभाव (शालेय शिक्षणातील)

व्यक्तीची पात्रता, गरज वा वर्तन लक्षात न घेता, केवळ ती विशिष्ट जातीची, धर्माची, वंशाची, लिंगाची वा भाषेची आहे म्हणून तिला हीन वागणूक देणे किंवा इतरांना सहज लाभणाऱ्या संधीपासून वंचित ठेवणे, यास भेदभाव म्हणतात. शारीरिक वैगुण्य किंवा दारिद्र्य हेही त्याचे निमित्त ठरू शकते. पूर्वग्रह ही मनोवृत्ती आहे, तर भेदभाव ही कृती होय. मनात आकस नसतानाही रूढ व्यवस्था तशीच चालू ठेवल्याने भेदभाव घडू शकतो.

विद्यार्थ्यांना ही संकल्पना समजावून देताना भेद आणि भेदभाव यांतील अंतर प्रथम स्पष्ट करावे लागते. अधू दृष्टीच्या विद्यार्थ्याला पुढच्या बाकावर बसविणे हा भेदभाव नव्हे. कारण बसण्याची जागा आणि फळा दिसणे यांचा प्रत्यक्ष संबंध आहे. जातीवरून बाक ठरविणे हा मात्र भेदभाव होय. उलटपक्षी, सर्वांना एकच नियम लावला म्हणजे भेदभाव टळतोच असेही नाही. वर्गात जाण्यास केवळ जिना असेल, तर चाकांच्या खुर्चीतून येणारे मूल कोणी मज्जाव न करताही बाहेर राहते. या प्रकारास अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात.

धारवाडचे प्रकरण : भेदभाव करणारे अन्याय नेहमी नाकारतातच असे नाही, पुष्कळदा तो मान्य करून व्यावहारिक अडचण पुढे केली जाते. जून १८५६ मध्ये एका महार विद्यार्थ्याने तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड (सध्या कर्नाटक राज्यात) येथील सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हे मुंबई सरकारने मान्य केले. तथापि एकट्यादुकट्यासाठी जुन्या समजुतींना एकाएकी धक्का दिल्यास शिक्षणप्रसाराच्या कार्याचीच हानी होईल, असे सांगून प्रवेश नाकारला. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने १८५८ मध्ये, केवळ जातीच्या कारणावरून सरकारी शाळेत कोणासही प्रवेश नाकारू नये, असे तत्त्व घालून दिले. १८८२ च्या हंटर आयोगानेही त्यास दुजोरा दिला.

नियम बदलला, तरी वर्गातील वागणूक लगेच बदलली नाही. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत प्रवेश होता. परंतु त्यांना वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट झाडणारा नोकर शिवत नसल्यामुळे रोज घरी न्यावे व परत आणावे लागे. तहान लागली, तरी नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. दार उघडे असूनही आतील व्यवस्था माणसाला कशी दूर ठेवते, हे या उदाहरणावरून मुलांना नेमके उमगते.

कायदेशीर तरतुदी : भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून राज्याने भेदभाव करण्यास मनाई केली असून १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. राज्याच्या अथवा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही, असे अनुच्छेद २९ (२) सांगतो. मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देणारा अनुच्छेद १५ (४) हा १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाला. अधू दृष्टीच्या मुलासाठी पुढचा बाक राखण्यामागील तर्काशी तो मिळताजुळता आहे. युनेस्कोने १९६० मध्ये शिक्षणातील भेदभावाविरुद्ध स्वतंत्र करार संमत केला.

अध्यापनपद्धती : अमेरिकेतील आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, एप्रिल १९६८ मध्ये, तिसरीच्या वर्गातील मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट पाडले. एका दिवशी एका गटास व पुढे दुसऱ्यास श्रेष्ठ ठरवून सवलती दिल्या. हीन ठरविलेली मुले खिन्न झाली आणि श्रेष्ठ ठरलेली मुले सोबत्यांशी उद्दामपणे वागू लागली. हा उपक्रम जगभर गाजला. तथापि मुलांना पूर्वकल्पना न देता मनस्ताप देणे कितपत योग्य, असा आक्षेपही त्यावर घेण्यात आला.

त्यापेक्षा शाळेच्याच नित्यक्रमाचे निरीक्षण अधिक निर्धोक व परिणामकारक ठरते. वर्ग कोण झाडतो, पाहुण्यांना पाणी कोण देते, मैदान कोणाच्या वाट्यास येते, वर्गप्रमुख कोण होतो, याची नोंद विद्यार्थ्यांनी महिनाभर ठेवावी. नंतर प्रत्येक बाबतीत तीन प्रश्न विचारावेत : वेगळी वागणूक कशावरून दिली गेली? त्या कारणाचा त्या कामाशी संबंध आहे काय? तिच्यामुळे कोणाची हानी झाली? झाडलोट मुलींकडे व मैदान मुलांकडे, अशी वाटणी नोंदींत दिसली, की व्याख्येचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

मात्र हे करताना वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याची जात, दारिद्र्य वा व्यंग उदाहरणादाखल पुढे करू नये. त्याला सर्वांसमक्ष वेगळे काढणे हाही भेदभावच होय. त्याने आपला अनुभव सांगावयाचा की नाही, हे त्याच्याच इच्छेवर सोपवावे.