श्रीगोंदा रोड स्टेशन खोलीत बसवताना

दौंड-मनमाड मार्गावरच्या श्रीगोंदा रोड स्टेशनचं मॉडेल करायचं ठरवलं, की संगणक उघडण्याआधी एक भागाकार करून घ्यावा. मालगाडीला बाजूला थांबता यावं म्हणून स्टेशनात लूप लाइन असते. भारतीय रेल्वेत तिची प्रचलित लांबी ६८६ मीटर. मॉडेल रेल्वेत सगळ्यांत रुळलेलं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. भागाकार केला की ७.८८ मीटर येतात, म्हणजे जवळजवळ २६ फूट, आणि ही नुसती लूप. आपल्याकडे अशा छंदाला मिळाली तर गच्चीवरची खोली मिळते, १० बाय १२ फुटांची. त्याहून लहान एन प्रमाणात, १:१६० ला, हीच लूप ४.२९ मीटर होते. १२ फुटांच्या भिंतीत तीही मावत नाही.

वळणांचं गणित याहून कठोर आहे. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. एचओत ती त्रिज्या दोन मीटर येते. गाडी फिरवून परत आणायला खोलीची चार मीटर रुंदी लागेल. तयार मिळणारे वळणाचे तुकडे मात्र बहुतेक ३६ ते ६० सेंटिमीटर त्रिज्येचे असतात. तेव्हा आखडून घेणं कोणालाच चुकत नाही. काय आखडायचं आणि किती, हे लाकडाला करवत लावण्याआधी दाखवून देणं हे आराखड्याच्या सॉफ्टवेअरचं मुख्य काम, आणि निवडही त्यावरूनच करावी. सुंदर त्रिमितीय चित्र ही पुढची गोष्ट.

एकच भिंत घेऊन पाहू. १२ फूट म्हणजे ३६६ सेंटिमीटर. भिंतीपासून रुळाच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर सोडले, उरले ३५६. दोन्ही कोपऱ्यांत गाडी ६० सेंटिमीटर त्रिज्येने वळणार, त्यात १२० गेले. उरले २३६. लूपच्या दोन्ही टोकांना गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा एकेक सांधा हवा. पेको कंपनीचा मध्यम त्रिज्येचा सांधा सुमारे २२ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे आणखी ४४ गेले. सांध्यापुढे दोन रूळ एकमेकांपासून पुरेसे लांब जाईपर्यंत लूपमधली गाडी मेन लाइनवरच्या गाडीला घासेल. रेल्वेत ही हद्द फाउलिंग मार्कने दाखवतात. तिच्यासाठी दोन्हीकडे १८-१८ सेंटिमीटर सोडा. हाती राहिले १५६.

आता गाडी मोजू. जुना निळा आयसीएफ डबा बफरसकट २२.३ मीटर, एचओत २५.६ सेंटिमीटर. वॅप-७ इंजिन २३.६ सेंटिमीटर. इंजिन आणि पाच डबे मिळून १५२ होतात, गाडी बसते. डबे नव्या एलएचबी प्रकारचे घेतले तर प्रत्येक २७.६ सेंटिमीटरचा, एकूण १६२, आणि शेवटचा डबा फाउलिंग मार्कच्या बाहेर. खरा १:१२ चा सांधा सुमारे ४० मीटर लांब असतो. तो प्रमाणात लावायचा तर एकेक सांधा ४६ सेंटिमीटरचा होईल आणि आणखी एक-दोन डबे कमी करावे लागतील. हे सगळं कागदावर करता येतं. पण त्रिज्या ६० ऐवजी ५५ केली तर काय, उजवीकडे छोटा सांधा लावला तर काय, असं वीस वेळा विचारायचं असेल तर सॉफ्टवेअर हवंच.

कोणतं घ्यावं, हे रूळ कोणता वापरणार यावर ठरतं. हे रूळ आपल्याकडे बहुतेक आयात होऊन येतात. तेव्हा कोणत्या कंपनीचे सांधे हाती लागणार आहेत ते आधी विक्रेत्याला विचारावं आणि मगच त्या कंपनीचे तुकडे सॉफ्टवेअरच्या संग्रहात आहेत का ते पाहावं. उलट क्रमाने गेलं तर आराखडा पुरा होतो आणि त्यातला सांधा बाजारात मिळत नाही.

खोक्यातून आलेला तयार, ठरीव तुकड्यांचा रूळ असेल तर स्कार्म किंवा ॲनीरेल पुरेसं आहे. तुकडा उचलायचा, दुसऱ्याच्या टोकाशी नेला की तो आपोआप जुळतो. दोन्ही विंडोजवर चालतात. बल्गेरियात तयार झालेल्या स्कार्ममध्ये त्रिमितीय दृश्य आहे. मोफत आवृत्तीत स्कार्म १०० तुकड्यांपर्यंत साथ देतं, ॲनीरेल ५० पर्यंत. पहिल्या टेबलाला एवढे पुरतात. खोलीभर आराखड्याला पुरत नाहीत, तेव्हा विकत घ्यायचं की नाही हा निर्णय तोवर थांबू शकतो.

खऱ्या स्टेशनवरून मॉडेल करायचं असेल तर माझं मत एक्सट्रॅककॅडच्या बाजूने आहे. ते मुक्त आणि मोफत आहे, तुकड्यांची मर्यादा नाही, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. खरं स्टेशन ठरीव तुकड्यांत बसत नाही. तिथे हाताने वाकवता येणारा, ९१ सेंटिमीटरच्या लांबीत मिळणारा लवचीक रूळ लागतो, आणि तो नेमका आखण्यात या सॉफ्टवेअरचा हात धरणारं दुसरं मोफत साधन मला माहीत नाही. सरळ रुळातून वळणात शिरताना मधे हळूहळू तीव्र होणारा जोडभाग खऱ्या रेल्वेत असतो, तोही यात घालता येतो. लांब डबे अरुंद वळणावर झटका न खाता फिरतात ते त्यामुळेच. शिकायला मात्र ते अवघड आहे. पडद्यावर बटणांची गर्दी आहे आणि त्रिमितीय दृश्य नाही. मदतीच्या यादीत चालती प्रात्यक्षिकं दिली आहेत, ती क्रमाने पाहिल्याशिवाय हात घालू नये.

रुंदीचा एक प्रश्न सॉफ्टवेअर आपण होऊन सांगणार नाही. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ चं, प्रमाणात १९.३ मिलिमीटर यायला हवं. बहुतेक जण हा फरक पत्करतात, कारण चाकं आणि सांधे १६.५ चेच मिळतात, आणि मलाही ते योग्य वाटतं. ज्यांना तो फरक सोसत नाही त्यांनी रूळ हाताने बांधावा. त्यासाठी हव्या त्या गेजचे साचे छापून देणारं टेम्प्लॉट इंग्लंडच्या मार्टिन विन यांनी तयार केलं आहे. नॅरोगेजवाल्यांचं नशीब इथे बरं. बार्शी लाइट रेल्वेचं ७६२ मिलिमीटर गेज एचओत ८.८ येतं, आणि एन प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा रूळ त्याला चालतो.

दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. एकेरी रूळ आणि डिझेल इंजिनांचा काळ आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला आहे. त्यानंतर विद्युतीकरण आणि दुहेरीकरण झालं. त्यामुळे उपग्रहचित्र कोणत्या सालचं आहे, यावर स्टेशनात किती रूळ दिसतात ते ठरतं. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं काढता येतात. आपलं साल ठरवून ते चित्र घ्यावं, एक्सट्रॅककॅड किंवा ॲनीरेलमध्ये पार्श्वभूमीला ठेवावं आणि ओळखीची एखादी लांबी मोजून त्याचं प्रमाण जुळवावं. डिझेलचा काळ निवडला तर विजेचे खांब लागत नाहीत, आणि डब्ल्यूडीएम-२ इंजिन १९.७ सेंटिमीटरचं असल्यामुळे वरच्या हिशोबात चार सेंटिमीटर वाचतात.

आराखडा पुढे दौंडपर्यंत नेण्याचा मोह होईल, आणि तो व्हावाच. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडात इंजिन उलट्या टोकाला लावून निघावं लागे. आता दौंड स्टेशनात न शिरणाऱ्या कॉर्ड लाइनमुळे तिला सरळ मनमाडच्या दिशेला, काष्टीकडे जाता येतं. पण पुणे, दौंड आणि मनमाडच्या दिशा जोडणारा हा त्रिकोण दोन रुळांतून वीज खेळवणाऱ्या मॉडेलमध्ये घातक ठरतो. त्रिकोणातून फिरून आलं की एका बाजूचा रूळ दुसऱ्या बाजूच्या रुळाला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. भूमितीच्या दृष्टीने सगळं जुळल्यामुळे पडद्यावर काहीच खटकत नाही. त्रिकोणाची एक बाजू दोन्ही टोकांना विजेपासून तोडावी लागते आणि तिची ध्रुवता स्वतंत्रपणे बदलण्याची सोय करावी लागते. ही बाजू आपल्या सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठी हवी. आपल्या उदाहरणात ती किमान १६० सेंटिमीटर भरते का, ते मोजण्याच्या साधनाने तपासावं.

दौंडात काय आखडायचं हे ठरवण्याआधी पुण्याला जाऊन यावं. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे गाड्या प्रत्यक्ष वळताना पाहिल्या की किती अरुंद वळण डोळ्यांना खटकतं, हे आपलं आपल्याला कळतं.

आराखडा पक्का झाला की तो पूर्ण मापात छापावा. ३६६ बाय ६० सेंटिमीटरच्या फळीला ए-४ आकाराचे किमान ३९ कागद लागतात. झेरॉक्सच्या दुकानात छापताना कागदात बसवण्याचा पर्याय बंद करायला सांगावा, नाहीतर प्रत्येक पान थोडं लहान होतं आणि जोडल्यावर लूपची लांबी काही सेंटिमीटरने घटते. आराखड्यात कुठेतरी १० सेंटिमीटरची रेघ काढून ठेवावी आणि पहिल्या पानावर ती पट्टीने मोजावी. मग पानं चिकटवून फळीवर अंथरावीत. सॉफ्टवेअर साहित्याची यादीही देतं, पण ती पूर्ण मागवू नये. खर्चाचा मोठा भाग सांध्यांचा असतो. आधी दोन सांधे मागवावेत, छापलेल्या कागदावर नेमके बसतात का ते पाहावं, आपला सगळ्यांत लांब डबा त्यांच्यावरून हाताने ढकलून पाहावा, आणि मग बाकीची मागणी नोंदवावी.