माणशी साडेसातशे

“मोठी माणसं किती, लहान किती?” फाटकाजवळ टेबल मांडून बसलेल्या मुलानं विचारलं आणि सासूबाई थबकल्या. आम्ही आठ जण होतो. सासूबाई, आम्ही दोघं, पुण्याहून आलेली नणंद आणि तिचे यजमान, आणि तीन मुलं. मोठ्यांना माणशी साडेसातशे. दहा वर्षांच्या आतल्यांना चारशे. माझी थोरली बारा वर्षांची, म्हणजे तिचेही पूर्ण. पावती झाली ५,३०० रुपयांची. आत गेल्यावर मुलांच्या बैलगाडीचे दीडशे, निघताना बांधून घेतलेल्या किलोभर हुरड्याचे तीनशे, पेट्रोल अडीचशे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात सहा हजार रुपये झाले.

सासूबाईंचं माहेर फुलंब्री तालुक्यातलं. त्या पावतीकडं बघत एवढंच म्हणाल्या, “ज्वारी खायला तिकीट?”

त्यांच्या त्या प्रश्नावर मी गेलं वर्षभर विचार करते आहे. हा लेख त्यातूनच आला.

आम्ही हर्सूलला राहतो. शहराच्या दिल्ली दरवाजातून जळगाव रस्त्याला लागलं की कारागृह, हरसिद्धी मातेचं देऊळ आणि तलाव. औरंगजेबाच्या काळात इथं वाटसरूंसाठी सराई होती. म्हणजे बाहेरून आलेल्याला टेकायला जागा देणारं हे गाव. आज ते छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेत आहे आणि शेतांच्या जागी प्लॉट आहेत. थोडं पुढं सावंगी ओलांडली की पुन्हा रान सुरू होतं. डिसेंबर लागला की त्या रस्त्यावर ‘हुरडा पार्टी’चे फलक दिसतात. फलकावर मोबाइल नंबर, झोका, बैलगाडी, ‘अस्सल गावरान जेवण’. रविवारी सकाळी शहरातून निघालेल्या गाड्यांची रांग आमच्या टी पॉइंटपासूनच लागते.

गावाची सुट्टी विकत घेण्याचा हा व्यवहार महाराष्ट्रात फार जुना नाही. बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी २००५ साली कृषी पर्यटनाचं केंद्र उभं केलं आणि शेतकऱ्याच्या घरी राहायला पैसे देऊन येणारा पाहुणा ही कल्पना इथं रुजवली. राज्य सरकारनं २८ सप्टेंबर २०२० रोजी कृषी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. पर्यटन विभागाकडं नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला त्यामुळं अधिकृत ओळख मिळू लागली. मराठवाड्यात, जिथं दर दोन-चार वर्षांनी पाऊस पाठ फिरवतो, तिथं शेतीला असा जोडधंदा मिळणं ही मोठी गोष्ट आहे. हे मी मनापासून लिहिते, कारण पुढं दराबद्दल बोलायचं आहे आणि त्यात शेतकरी गुन्हेगार ठरू नये.

त्या दिवशी मी आगटीजवळ बराच वेळ बसले होते. जमिनीत हातभर खळगा, त्यात शेणाच्या गोवऱ्यांची धग. कणसं त्या निखाऱ्यात देठासकट खोचायची, फिरवायची, दाणा फुलल्याचा वास आला की बाहेर काढायची. मग पोत्याच्या तुकड्यावर ठेवून गरम असतानाच तळहातानं चोळायची, कारण थंड झालं की दाणा सुटत नाही. चोळून सुपात पाखडलं की हिरवा, ओलसर, किंचित धुरकट हुरडा हाती येतो. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. चोळणाऱ्या दोघी बायका सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या. एकीच्या बोटांच्या टोकांची कातडी तपकिरी, गुळगुळीत झाली होती. मी एक कणीस चोळायला घेतलं आणि चटका बसून सोडलं. “सवयीनं होतं, ताई,” ती म्हणाली आणि माझं कणीस तिनंच पुरं केलं.

आता दराचं गणित. केंद्र सरकारनं २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीला क्विंटलमागं ३,७४९ रुपये हमीभाव जाहीर केला, म्हणजे किलोला साधारण साडेसदतीस रुपये. त्याच ज्वारीचा कोवळा दाणा मी तीनशे रुपये किलोनं घेतला. आठपट! ऐकायला अन्याय वाटतो. पण दाणा दुधाळ अवस्थेतून चिकात येतो ते दिवस एका पेऱ्याला आठ-दहाच. नंतर तो टणक होतो, हुरडा संपतो. म्हणून ज्याला दोन महिने पाहुणे हवेत त्याला एकदम पेरून चालत नाही. चार-चार गुंठे करत आठ-दहा दिवसांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं पेरावं लागतं, आणि प्रत्येक टप्पा पाखरांपासून वेगळा राखावा लागतो. वाणही साधा चालत नाही. गूळभेंडी, सुरती असे जुने गोड वाण, किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले मधुर’, परभणीचा ‘परभणी वसंत’ असे खास हुरड्याचे. कणीस कोवळं खुडलं की धान्य गेलं ते गेलंच. वर कापणीची, भाजणीची, चोळणीची मजुरी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिवस. हुरड्याच्या हंगामात रविवार येतात आठ-नऊ. स्वच्छतागृहं, बोअर, मांडव, झोके, स्वयंपाकाची भांडी यांचा खर्च वर्षभराचा आणि वसुली या आठ-नऊ रविवारांत. मंगळवारी तेच रान ओस असतं. आमच्याकडून घेतलेल्या साडेसातशेत ओस मंगळवारांचंही भाडं होतं. एकदा हे लक्षात आल्यावर पावतीबद्दलचा माझा राग गेला.

राग गेला तरी प्रश्न उरतोच. आमच्या घरी दोन पगार आहेत. ज्या घरात महिन्याला पंधरा-वीस हजार येतात, त्या घरातल्या आठ जणांनी ज्वारीच्या शेतात एक दिवस कसा घालवावा? आणि ही माणसं तर बहुतेक गावाहूनच शहरात आलेली. एका पिढीपूर्वी ज्याचं रान होतं, त्याच्या नातवाला त्याच रानाच्या कडेला उभं राहून तिकीट काढावं लागतं.

मुक्काम करायचा म्हटलं तर आणखी अवघड. नणंदेला एक रात्र राहायचं होतं, म्हणून आम्ही दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. सगळीकडं खोलीचा हिशोब दोन माणसांचा. आठ जणांना तीन खोल्या, शिवाय जादा गादीचे वेगळे. मराठी कुटुंब सुट्टीला निघतं तेव्हा आजी बरोबर असते, कधी आत्याही असते, मुलं एका सतरंजीवर आडवी होतात. हे ज्या धंद्यानं ‘गावरान’ नाव घेतलं त्याच्याच हिशोबात नाही. दर लावला जातो जोडप्याला, आणि घर जेवढं मोठं तेवढा दंड. करांच्या बाजूनं अलीकडं थोडा दिलासा मिळाला. रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण खोल्याच तीन लागल्या तर पाच टक्क्यांनी काय सावरणार? नोकरदारांना मिळणारी प्रवास सवलतही, म्हणजे एलटीसी, प्राप्तिकरात फक्त भाड्यापुरती धरली जाते, तीही चार वर्षांत दोन प्रवासांना आणि जुन्या करप्रणालीतच. मुक्काम आणि जेवण आपलं आपण.

“आमच्या वेळी हे सगळं फुकट होतं,” असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी मान डोलावली होती. नंतर एका दुपारी त्यांनाच खोदून विचारलं. त्यांच्या माहेरी मे महिन्यात आणि हुरड्याच्या दिवसांत पंधरा-वीस माणसं असत. भाकऱ्या कोण थापायचं? “वहिनी.” पाणी? “विहिरीवरून, वहिनीच.” वहिनी स्वतःच्या माहेरी कधी जायच्या? सासूबाई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आम्ही सगळ्या परतल्यावर. चार दिवस.”

मामाच्या गावाला मोल नव्हतं, असं आपण म्हणतो. मोल होतं, ते मामी देत होती. आज आगटीजवळ बसलेल्या दोघींना रोज मिळतो, भाकरी थापणाऱ्या बाईला पगार मिळतो. आमच्या साडेसातशेतला तो भाग मी खुशीनं देते. जुन्या गोडव्याच्या आठवणीत त्या बायकांचा घाम विसरून चालणार नाही.

तरीही गाव खुलं ठेवण्याची रीत कुठं ना कुठं टिकून आहे. लातूर आणि धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या असते. रानात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा करतात आणि मग पंगत बसते. भज्जी, उंडे, बाजरीच्या भाकरी, मातीच्या मडक्यातलं आंबिल. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. शहरातले रस्ते रिकामे होतात, आणि ज्याचं शेत नाही त्याला शेजारी, सहकारी आग्रहानं आपल्या रानात नेतात. तिथं माणशी किती हे कुणी विचारत नाही. आपल्या भागात ही रीत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

जगात इतरांनीही या प्रश्नाशी झगडून पाहिलंय. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळाली. पण रजा मिळाली तरी जायचं कुठं, म्हणून पुढं १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथं बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ‘सुट्टीची गावं’ उभी राहिली, आणि १९८२ पासून सुट्टीच्या खर्चासाठी धनादेशाची योजना आली. त्याहून मला भावली ती दुसरी गोष्ट. हिवाळ्यातल्या आणि वसंतातल्या शाळेच्या सुट्ट्यांसाठी त्यांनी देशाचे तीन विभाग केले आहेत आणि सुट्ट्या मागंपुढं ठेवल्या आहेत. सगळा देश एकाच आठवड्यात डोंगरावर धावत नाही. उलट इंग्लंडमध्ये पालक स्वस्त दरासाठी शाळेच्या दिवसांत मुलांना सहलीला नेतात आणि दंड भरतात. ऑगस्ट २०२४ पासून तो प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागं ८० पौंड, आणि २१ दिवसांत न भरल्यास १६० पौंड आहे. तरी कित्येकांना दंड धरूनही सहल स्वस्त पडते.

सुट्ट्या अशा मागंपुढं ठेवणं आपल्याकडं अशक्य नाही. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, हे आपण वर्षानुवर्षं करतोच. मग जानेवारीत प्रत्येक तालुक्यानं एखादा बुधवार ‘शेताचा दिवस’ म्हणून का देऊ नये? वर्गच्या वर्ग शेतावर जातील, शेतकऱ्याचा ओस दिवस भरेल, दर उतरेल, आणि ज्याच्या घरी सहा हजार नाहीत त्याच्याही मुलाला कणीस चोळता येईल.

आणि जी ठिकाणं सगळ्यांची आहेत ती नीट ठेवावीत. आमचा हर्सूल तलाव जुन्या शहरातल्या वस्त्यांना आजही पाणी देतो. त्याच्या काठावर सावली, बाक, स्वच्छतागृह आणि डबा खायला चौथरे एवढं नीट असलं तर हजारो घरांची सुट्टी तिथंच होईल. वेरूळची लेणी इथून तासाभरावर, तिकीट ४० रुपये आणि १५ वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. म्हैसमाळचा डोंगर चाळीसेक किलोमीटरवर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. आमच्या मैत्रिणींचा गट गेल्या श्रावणात म्हैसमाळला गेला होता, डबे घरचे. दिवसभराचा खर्च प्रत्येकी दोनशेच्या आत राहिला. लेणी आणि एसटी या दोन्ही गोष्टी सगळ्यांच्या पैशातून चालतात, म्हणून त्या परवडतात.

दसऱ्याच्या सुमारास नणंदेचा फोन आला, यंदा जानेवारीत कुठं जायचं म्हणून. सासूबाईंनी तिला थांबायला सांगितलं आणि कितीतरी वर्षांनी स्वतः माहेरी फोन लावला. त्यांचा भाचा बोलला. यंदा त्यानं दहा गुंठे गूळभेंडी पेरली आहे. “या की आत्या, विचारायचं काय त्यात? किती जण?”

“आठ.”

“या. फक्त रविवारी नका येऊ. रविवारी पार्ट्या लागल्यात सगळ्या, जागा नाही. बुधवारी या. घरचेच आहात, निवांत बसू.”

सासूबाईंचा चेहरा खुलला. साडी कोणती न्यायची, वहिनीला काय घ्यायचं, हे त्या लगेच बोलू लागल्या. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं गेले. जानेवारीतले चारही बुधवार पाहिले. चारही दिवशी मुलांची शाळा आहे, आणि नणंदेच्या यजमानांना रजा नाही.