जुन्या ट्रकला नवे दिवे जोडताना

शेतकऱ्याच्या दारातील ट्रक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा असतो. रात्री कापूस किंवा कडबा भरायचा तर हौद्यात दिवा हवा, केबिनमध्ये पंखा हवा, मोबाईल चार्ज करण्याची सोय हवी. या गरजा रास्तच आहेत. पण पुष्कळदा जवळची एखादी तार सोलून तिलाच नवी तार पिळतात. मग फ्यूज वरचेवर उडू लागला की त्याला सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळतात. खरा धोका इथे आहे.

शेतकरी बंधूंनो, फ्यूज हा दिव्याचा नव्हे, तारेचा राखणदार आहे. ताकदीपेक्षा जास्त प्रवाह वाहिला की तार तापते, तिचे आवरण वितळते आणि उघडी तार चासीला टेकते. फ्यूज वेळीच उडाला तर थोडक्या पैशांत भागते. तो न उडाला तर तार पेटते. हौद्यात कडबा असेल तर माल आणि गाडी दोन्ही जातात.

म्हणून प्रत्येक नव्या उपकरणाला बॅटरीपासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा. हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. १२ व्होल्टच्या गाडीत ५५ वॅटचे दोन दिवे लावले तर ११० भागिले १२, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. त्यांना १५ अँपिअरचा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची, मोटारीसाठी मिळणारी तांब्याची तार पुरते. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे दिवेही २४ व्होल्टचेच घ्यावेत. १२ व्होल्टच्या वस्तूसाठी दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढू नये. एक बॅटरी रिकामी होत जाते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेला कोणताच राखणदार नसतो. जास्त वॅटच्या दिव्यांना रिले लावावा. मग केबिनमधल्या स्विचमधून अगदी थोडा प्रवाह जातो आणि स्विच जळत नाही. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी कडे बसवावे, नाहीतर हादऱ्यांनी पत्रा तार कापतो. अर्थिंगच्या जागी रंग आणि गंज खरवडून बोल्ट घट्ट आवळावा. नुसत्या पिळलेल्या जोडावर टेप गुंडाळून भागवू नये, थिंबल दाबून पक्का जोड करावा.

दिवे वाढवताना गाडीच्या डायनॅमोची किंवा अल्टरनेटरची ताकदही ध्यानात घ्यावी. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास दिवे जाळले तर पहाटे गाडी ढकलायची पाळी येते. कमी वॅटचे एलईडी दिवे घेतले की हा भार बराच हलका होतो.

एवढे करूनही फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालू नये. तार कुठे घासली आहे, कुठे टेकली आहे, ते शोधावे. दोष सापडल्यावरच त्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा. असे दोन-चार जादा फ्यूज केबिनमध्ये सदैव असावेत, म्हणजे आडरानात चंदेरी कागदाची आठवण होणार नाही.