'शंभर वर्षांतून एकदा'चा पूर पुढच्या वर्षीही येऊ शकतो!

महाड : २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाड बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही डोंगर खचला. 'असा पूर शंभर वर्षांतून एकदाच' असं म्हणतात, पण त्याचा खरा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता एवढाच. काल येऊन गेला म्हणून यंदाची शक्यता घटत नाही. घर तीस वर्षं टिकलं, तर तेवढ्यात असा पूर येण्याची शक्यता जवळपास चारात एक भरते.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. पूर शंभरात एक, दरड शंभरात एक, म्हणजे दोन्ही एकत्र दहा हजारात एक? हा गुणाकार दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसेल तरच चालतो. इथे दोन्हींच्या मागे पाऊस एकच. तेव्हा महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी कोसळला. असा पाऊस सावित्री फुगवतो, डोंगराची मातीही सैल करतो. जुलै २००५ मध्येही महाडचा पूर आणि जुई, दासगावच्या दरडी सोबतच आल्या होत्या.

भरतीचं गणित चंद्रावर. २०२१ ला गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती. उधाणात बाणकोट खाडीकडे पाणी सावकाश उतरतं. ही तारीख तर पंचांगात आधीच कळते.

तळियेला मदत उशिरा पोचली, कारण रस्ते पाण्याखाली होते. त्यामुळे दरडीखालच्या वाडीने घर सोडायचं ते खालचा रस्ता उघडा असतानाच.