अंतिम म्हणजे अचूक नव्हे

नियम आणि विवेक यांच्या नात्याबद्दल आपण बोलतो आहोत. आज त्यासाठी जरा बास्केटबॉलच्या मैदानावर जाऊ.

३१ मे २०१८. अमेरिकेतलं ओकलंड, एनबीएच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना. निर्धारित वेळेतली ३६ सेकंदं उरलीत, क्लीव्हलँड १०४-१०२ असा पुढे आहे. गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरांट बास्केटकडे घुसतो, लेब्रॉन जेम्स आडवा येतो, धडक होते. पंच शिट्टी वाजवतात : चार्जिंग, म्हणजे चूक आक्रमकाची. मग रिप्ले पाहतात आणि निर्णय फिरवतात : ब्लॉकिंग, चूक बचावपटूची. ड्युरांटचे दोन्ही फ्री थ्रो पडतात, बरोबरी होते. पुढे अतिरिक्त वेळेत गोल्डन स्टेट १२४-११४ असा जिंकला.

आता बघा, रिप्ले मागितला कशासाठी? बास्केटखाली ४ फूट त्रिज्येची एक कमान आखलेली असते. तिच्या आत उभ्या असलेल्या बचावपटूला सहसा चार्जिंग मिळत नाही. जेम्सचे पाय आत होते की बाहेर, ही शंका होती. पाय बाहेर होते. पण शेवटच्या दोन मिनिटांत या शंकेसाठी रिप्ले उघडला, की मुळातला फाउल योग्य होता का, हेही तपासायची मुभा होती. निर्णय फिरला तो तिथे.

हे दोन प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. पाय रेषेच्या आत की बाहेर, हे डोळ्यांनी दिसतं. पण ड्युरांटनं फेकीसाठी वर झेप घ्यायला सुरुवात करण्याआधी जेम्सनं जागा घेतली होती का? कॅमेरा चित्रं देतो. ‘सुरुवात’ नेमक्या कुठल्या चित्रात झाली, हे माणसालाच ठरवावं लागतं.

मग पंच म्हणेल तेच खरं का? कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’मध्ये खेळातल्या गुणलेखकाचं उदाहरण घेऊन हा पेच सोडवला. त्याचा निर्णय अंतिम असतो, पण म्हणून तो अचूक ठरत नाही. त्याचा शब्द हाच नियम झाला, तर तो खेळच वेगळा होईल.

काही जण म्हणतात, शेवटच्या क्षणी पंचांनी शिट्टी खिशात ठेवावी, खेळाडूंना खेळू द्यावं. पण न वाजवलेली शिट्टी हाही निर्णयच असतो, आणि त्याचा फायदा धक्का देणाऱ्याला मिळतो. पहिल्या मिनिटाचा फाउल शेवटच्या मिनिटालाही फाउलच असायला हवा.

२०१५ पासून एनबीए चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल जाहीर करते : कुठला निर्णय बरोबर, कुठला चूक, कुठे शिट्टी वाजायला हवी होती. निकाल मात्र बदलत नाही. हरलेल्या संघाला ही थट्टा वाटेल. पण आपल्या दृष्टीनं त्यात मोठी गोष्ट आहे. निर्णय पाळायचा, आणि तो चुकला असं म्हणण्याचा हक्कही सोडायचा नाही. न्यायालय असो की मैदान, दोन्हीकडे आपल्याला हेच साधायचं असतं.