ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

आरोग्य शिबिरात आमच्या गटातल्या बऱ्याच जणींची आभा कार्डं निघाली, १४ आकडी नंबर मिळाला. बैठकीत आम्ही विचारलं, मोबाईल नंबर कुणाचा दिला? बहुतेकींनी नवऱ्याचा, दोघींनी मुलाचा. एक जण हळूच म्हणाली, "अंगावरून पांढरं जातंय ते मी सिस्टरना सांगितलंच नाही. सगळं यांच्या फोनवर दिसेल ना!"

तिची भीती खोटी नाही. ज्याच्या हातात तो फोन, त्याला ओटीपी टाकून कार्डाला जोडलेले कागद उघडता येतात. तिने सांगितलं नाही, म्हणून नोंद झाली नाही. सरकारी हिशेबात तिला तो त्रासच नाही! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खेड्यातल्या निम्म्याहून कमी बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. म्हणजे अशा किती जणी असतील बघा.

बायकांची नोंद नसली की काय होतं? अमेरिकेतलं उदाहरण सांगतो. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळा, अशी सूचना तिथल्या सरकारी औषध खात्याने १९७७ साली काढली. पोटातल्या बाळाला धोका नको, हे कारण. १९९३ साली ती मागे घेतली. तिथेच झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी बाया-पुरुषांना एकाच मापाने दिली जायची. बाईच्या शरीरातून ती हळू उतरते, सकाळी गाडी चालवतानाही गुंगी राहते. गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाल्यावर, २०१३ साली, बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला सांगितलं.

आता फोनमधली आरोग्याची ॲप अशाच जुन्या नोंदींवरून शिकतात. हार्ट अटॅकमध्ये बाईच्याही छातीत दुखतं, पण दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, गळून जाणं हे बायकांत जास्त दिसतं. नोंदी पुरुषांच्याच जास्त असतील तर ॲप त्याला पित्त म्हणायचं. (घरातलेही तेच म्हणतात म्हणा.) अशा वेळी ॲप बघत बसू नका, दवाखाना गाठा.

आभा कार्ड ऐच्छिक आहे. स्वतःचा फोन असेल तर स्वतःचाच नंबर द्या. आधी दिलेला नंबर बदलता येतो. फोन नसेल तरी त्रास सिस्टरना तोंडी सांगा, आणि कागद कुठे जोडायचा नाही तेही सांगा.

आमची ती मैत्रीण गेल्या आठवड्यात आशाताईंबरोबर उपकेंद्रात जाऊन आली. औषध चालू आहे.