गावचा भोंगा आणि लोहगावचे आकाश

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 साली सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद, मुले अभ्यासाला. हा ग्रामस्थांचाच ठराव. पण याच तालुक्यातून शिकण्यासाठी पुण्यास गेलेल्या, लोहगाव विमानतळाशेजारी राहणाऱ्या विद्यार्थ्याने कोणता भोंगा वाजवावा? निवासी वस्तीत रात्रीची ध्वनिमर्यादा 45 डेसिबल. 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेने गजबजलेल्या विमानतळांभोवती ती 65 केली. आणि लोहगावची धावपट्टी तर हवाई दलाची! लढाऊ विमानांचा सराव हवाच, त्याविषयी दुमत नाही. परंतु परीक्षेच्या तासांत तो शक्य तेवढा टाळला, लगतच्या शाळांना दुहेरी काचांच्या खिडक्या दिल्या, तर देशाच्या संरक्षणाला बाध तो कोणता?